शनी तुमचा, पोट त्याचं

सुनंदावहिनी माझ्याशी शेवटचं जे बोलली ते माझ्याबद्दल नव्हतं, दादाबद्दल नव्हतं, स्वतःच्या दुखण्याबद्दल तर मुळीच नव्हतं. हॉस्पिटलच्या खाटेवर पडलेली, नाकात नळी, आणि मला बघताच विचारते काय, "शैला, छोटूला दुपारचं दिलंस? दिल्यावर बसलीस ना त्याच्याजवळ?" मी म्हटलं, "बसले गं बाई, बसले." "किती वेळ?" "तासभर." "खोटं बोलतेस. तुला इतका वेळ कुठे बसवतं..." असं म्हणून ती हसली आणि मी चिडले. खरंच चिडले. इथे डॉक्टर तोंड पाडून फिरतायत आणि हिला कुत्र्याच्या जेवणाची पडलीय! तशीच तणतणत बाहेर आले, कँटीनमधून चहा घेतला, तो संपायच्या आत दादाचा फोन आला. तेव्हापासून मला एका जागी म्हणून बसवत नाही. हे लिहितानाही मधे उठून गॅस बंद आहे का बघून आले. गॅसवर काही ठेवलेलंच नव्हतं.

छोटू म्हणजे दादा-वहिनीचा कुत्रा. नाव छोटू आणि आकार वासराचा, काळाकुळकुळीत ग्रेट डेन. इंदूरच्या परदेशीपुऱ्यातलं आमचं घर बाबा मिलच्या ऑफिसात होते तेव्हा घेतलेलं. अंगण बऱ्यापैकी आहे, पण छोटू आडवा पडला की अंगण संपतं. वहिनी लग्न होऊन उज्जैनहून या घरात आली, बिजली ऑफिसात बिलाच्या खिडकीवर नोकरी केली, मुलीला शिकवून बंगलोरला धाडलं, आणि या सगळ्या वर्षांत तिला निवांत बसलेलं कुणी बघितलं नाही. पोहे खायची तेसुद्धा ओट्यापाशी उभी राहून. फोन आला की अंगणात येरझारा. दादा तिला भिंगरी म्हणायचा. मी तिची नणंद, तरी आमचं जमायचं, कारण मीही त्याच जातीची. आम्ही दोघी बोलायला लागलो की दादा वैतागून म्हणायचा, "अरे भिया, कोणीतरी एकीनं तरी बसा, मान दुखते माझी!"

छोटूच्या आधी तिच्याकडे राणा होता. तसाच दांडगा, फक्त बदामी. तो रंगपंचमीला गेला. त्या दिवशी गेरची मिरवणूक बघून सगळी मंडळी घरी आलेली, दाल-बाफल्यांचा बेत होता. आमच्या इंदुरात पाहुण्याला पुरे म्हणायची सोयच नाही, मनुहार, म्हणजे आग्रह, करून करून ताट भरतात. माणूस निदान हात तरी आडवा धरतो, कुत्रा काय धरणार? राणाने जो देईल त्याच्या हातचा तुपात बुडवलेला कणकेचा बाफला खाल्ला, वर बादलीत तोंड घालून घटाघटा पाणी प्यायला, आणि मग पिचकाऱ्या घेतलेल्या पोरांमागे अंगणभर उधळला. दुपार कलली तसा तो फेऱ्या मारायला लागला. बसे ना, झोपे ना. ओकायला जायचा, पण पडायचं काहीच नाही, नुसता फेस. आम्ही म्हटलं, गॅस झालाय. आमच्या आत्याने तान्ह्या बाळाच्या बेंबीला लावतात तसा हिंग कालवला आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्या एवढ्या मोठ्या पोटाला हिंग चोळला. पोट नगाऱ्यासारखं टम्म. दिवेलागणीला त्याने वहिनीच्या मांडीवर डोकं टाकलं ते टाकलंच. तिच्या साडीला रंगाचे आणि हिंगाचे डाग होते, आणि ती एकच वाक्य बोलत होती, "आपण काय केलं गं... आपण काय केलं..."

दुसऱ्या दिवशी ती जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे एकटीच गेली आणि समजून घेऊन आली. या मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांना एक खोड असते. एकदम पोटभर खाल्लं, हावरटासारखं गिळलं, वर धावपळ केली, घाबरले, की पोटात हवा भरते. आणि फुगलेलं पोट कधीकधी आतल्या आत फिरतं, पिशवीला पीळ द्यावा तसं. पीळ पडला की हवा ना वर येते ना खाली जाते, रक्त तुंबतं, आणि मग हातात फार थोडा वेळ उरतो. हिंग-ओव्याचं ते काम नाही, थेट डॉक्टर. वहिनीने हे मला दहा वेळा सांगितलं असेल, दर वेळी चालता चालता. छोटू आल्यावर तर घराचा कायदाच झाला. दिवसातून एकदा मोठं जेवण नाही, तीनदा थोडं थोडं. परातीच्या मधोमध एक जड वाटी पालथी, म्हणजे तिच्या कडेकडेने त्याला सावकाश खावं लागेल. जेवणाआधी नि नंतर धावणं बंद. जेवताना घरात भांडणही बंद! दादा नि मी एकदा बाबांच्या जागेवरून तावातावाने बोलत होतो तर आतून हाक आली, "आवाज खाली करा, तो जेवतोय." साठी उलटलेली आम्ही भावंडं, मुकाट कुजबुजत भांडलो.

खरी मजा शनिवारची. काळ्या कुत्र्याला शनिवारी तेल लावलेली पोळी घातली की शनी शांत होतो म्हणतात, आणि अख्ख्या परदेशीपुऱ्यात छोटूएवढा काळा नि छोटूएवढा मोठा कुत्रा दुसरा नाही. सकाळपासून फाटकाशी माणसं. कुणाच्या मुलीचं लग्न जमत नाहीये, कुणाची बदली अडलीय, सगळे हातात पोळ्या घेऊन. वहिनी फाटक अडवून उभी. शेजारचे गुप्ताजी बिचारे भाविक, ते हात जोडून म्हणायचे, "भाभीजी, एक ही तो रोटी है!" त्यावर वहिनी, "हर आदमी एकच घेऊन येतो गुप्ताजी! शनी तुमचा, पोट त्याचं!" गुप्ताजी तोंड बारीक करून जायचे आणि गल्लीत सांगायचे, भाभीजी कुत्ते को भूखा रखती हैं. ज्या शहरात माणसं सकाळी उठून पोहे-जिलबी आणि रात्री झोपायच्या आधी सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊन परत खातात, त्या शहरात ‘खायला घालू नका’ म्हणणारी बाई म्हणजे विक्षिप्तच ठरणार. तिला त्याचं काही नव्हतं. मला होतं. मी तिच्या वतीने दोन-तीन जणींशी कायमचा अबोला धरला.

आणि एक गंमत सांगायची राहिलीच. छोटू तिच्या मागे सावलीसारखा. ती चालली की तो चालणार. मग जेवणानंतर त्याला स्वस्थ ठेवायचं तर काय करायचं? हिनेच बसायचं! जन्मभर न बसलेली बाई त्या कुत्र्यापायी दिवसातून तीनदा पायरीवर फतकल मारून बसायला लागली. आम्हा सगळ्यांना ते पक्कं ठाऊक झालं. वहिनीशी निवांत बोलायचंय? छोटूचं जेवण झालं की या. माझ्या नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणात मी तिथेच येऊन रडले. ती मला उपदेश करत नसे, नुसती कुत्र्याच्या कानामागे खाजवत ऐकत बसे. मधेच हात त्याच्या पोटावरून फिरवायची, कडक तर नाही ना बघायला, आणि म्हणायची, "हं, पुढे?"

ती गेल्यावरचे दिवस कसे गेले ते धड आठवत नाही. दादा रडला नाही. कपाटं उघडायचा, बंद करायचा. छोटूला तोही फार हात लावत नसे, "तो तिचा" म्हणायचा. मी माझं घर बंद करून तिथेच राहिले, तीन वेळा परात भरली, शपथेवर सांगते, तासभर बसले. मला दुसरं काही येतच नव्हतं तिच्यासाठी करायला. हा कुत्रा आपल्या हातून जाता कामा नये, बस्स, एवढंच डोक्यात.

आणि तेराव्याला तोच घोटाळा झाला. घर माणसांनी भरलेलं. गाय, कुत्रा, कावळा, सगळ्यांची पानं काढली. कुत्र्याचं पान छोटूपुढे ठेवलं, ते मी मोजकंच वाढलं होतं. पण मी आत गेले आणि मागे जो तो अंगणात गेला, त्या काळ्या डोळ्यांकडे बघून कळवळला, आणि सुनंदाच्या नावाने एक पुरी त्याच्या तोंडात घातली. प्रत्येकाने एकच. कुणी श्रीखंडाला लावून. पंगत बसली तेव्हा छोटू अंगणात फेऱ्या मारत होता. फाटकापर्यंत जायचा, परत यायचा, पायरी हुंगायचा. बायकांनी पदर डोळ्याला लावले. "बघा हो, मुकं जनावर, मालकिणीला शोधतंय." एका भाच्याने मोबाइल काढून त्याचा व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू. वाटलं, आमच्या सगळ्यांपेक्षा हाच खरा रडतोय... आणि तेवढ्यात तो थांबला, मान खाली घातली, पोट आत ओढलं, कोरडी ओकारी काढली. पडलं काहीच नाही. नुसता फेस. मग त्याने मान वळवून स्वतःच्याच कुशीकडे बघितलं.

हातातली श्रीखंडाची वाटी मी कुठे ठेवली देव जाणे. जाऊन पोटाला हात लावला, टम्म. ओरडले, "दादा, ऊठ! हा शोधत नाहीये कुणाला, ह्याचं पोट फुगलंय!" दादा पानावर बसलेला, पहिला घास हातात. आत्या, नव्वदीला आलेली, म्हणाली, "शैले, भरल्या पानावरून उठवू नये गं. आजच्या दिवशी तर नाहीच. तिच्या आत्म्याला काय वाटेल? थोडा हिंग लाव त्याला." हिंग! माझं डोकंच फिरलं. "आत्या, तिच्या आत्म्याला काय वाटेल ते मला चांगलं माहितीय, तू गप्प बस!" दादा माझ्याकडे बघत होता, पानाकडे बघत होता. मी पुन्हा काही बोलणार तोच त्याने घास खाली ठेवला आणि उठला. बंगलोरहून आलेली भाची दादाला म्हणाली, "बाबा, तुम्ही जा, मी बघते इथलं." गुप्ताजी पानावरून आमच्याही आधी उठले होते, व्हॅन फाटकाशी लावून मागचं दार उघडून उभे. चौघांनी मिळून छोटूला उचलला. वाटेत रेड लाइट, समोर ई-रिक्षांचा गुंता, गुप्ताजी सारखे हॉर्न वाजवतायत आणि म्हणतायत, "मैंने भी एक दी थी बहनजी, मैंने भी दी थी..." मी म्हटलं, "भिया, रोना बाद में, आधी गाडी हाणा!"

डॉक्टरीणबाईंनी नळी घालून हवा काढली, एक्स-रे काढला. आम्ही बाहेर. दादा भिंतीला टेकून उभा, खरकटा हात तसाच, धुवायचं भान नाही. मी त्या व्हरांड्यात किती फेऱ्या घातल्या असतील. बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "फूला था, घूमा नहीं. बच जाएगा." मला रडूच फुटलं. त्या पुढे म्हणाल्या, "घूम सकता ही नहीं था ना. मॅडम ने सिलवा जो लिया था."

दादा म्हणाला, "काय शिवलं?"

"आपको नहीं पता?" त्या गोंधळल्या. मग सांगितलं. छोटू लहान असताना वहिनी त्याला नसबंदीला घेऊन आली होती, हे आम्हाला माहीत होतं. त्याच वेळी, भूल दिलेली असतानाच, तिने त्याचं जठर आतून बरगड्यांजवळ पोटाच्या भिंतीला टाके घालून घ्यायला लावलं होतं. म्हणजे पोट फुगेल, पण जागचं हलणार नाही. डॉक्टरकडे पोचायला वेळ मिळेल. "मॅडम बोली थीं, घर में मत बताना. सब कहेंगे, अच्छे-भले कुत्ते का पेट कटवा दिया."

दादाने आपल्या खरकट्या हाताकडे बघितलं. मग म्हणाला, "मीच म्हणालो असतो. मला विचारलं असतं तर मी नकोच म्हणालो असतो, शैला."

छोटूला रात्रभर तिथेच ठेवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही आणायला गेलो तेव्हा तो टेबलावर आडवा होता, दादाला बघून शेपटी आपटली. दादाने बाईंना विचारलं, "कुठे घातलेत टाके?" त्यांनी त्याचा हात धरला आणि छोटूच्या उजव्या कुशीवर, शेवटच्या बरगडीच्या मागे ठेवला. "यहाँ. अंदर से. बाहर से कुछ महसूस नहीं होगा." "आणि हे टिकतं किती?" दादाने विचारलं. "अब तो जुड़ गया है. जब तक ये है, तब तक." दादाने हात काढला नाही. चष्मा काढला, पण हात काढला नाही. आणि मग तेरा दिवसांत न रडलेला माझा भाऊ त्या टेबलापाशी उभा राहून, केसांवरून हात फिरवत, आतल्या न दिसणाऱ्या टाक्यांना म्हणाला, "सांगायचं तरी गं... मी आलो असतो तुझ्याबरोबर."