पान माझं, बोटं त्याची

आईचा वास गेला तो तापानंतर. ताप चार दिवसांत उतरला, खोकला थांबला, पण नाक गेलं. पहिल्यांदा तिने सुनेवर आळ घेतला की आमटीत फोडणीच नाही. मग उदबत्ती पेटलेली असूनही तिने देव्हाऱ्याकडे वळून विचारलं, "आज उदबत्ती न्हाय लावलीस?" तेव्हा घरात सगळ्यांना कळलं.

दुसऱ्या कुणाचं गेलं असतं तर एवढं जाणवलं नसतं. आईची निम्मी हयात निपाणीत तंबाखूच्या वखारीत गेली. ओल धरलेला माल ती पोत्याजवळून जाताना ओळखायची. आता ती खासबागेत माझ्या घरी पलंगावर बसून म्हणायची, "जेवण म्हंजे नुसतं गरम न्हायतर गार."

डॉक्टरांनी औषध दिलं नाही. रोज ठरावीक वास द्या, नाकाला आठवण करून द्या, एवढंच सांगितलं. ते काम मी घेतलं. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करतो, ड्युटी दुपारची, त्यामुळे सकाळ माझी असते. लवंग, कॉफीची पूड, लिंबाची साल, कापूर. एकेक वाटी तिच्या नाकाखाली धरायची, ती डोळे मिटायची, श्वास ओढायची आणि म्हणायची, "न्हाय." पुढची वाटी. "न्हाय." हे आम्ही दोघांनी महिनोन्‌महिने केलं. कंटाळा आला तरी ती मला कधी नको म्हणाली नाही. ती वेळ आमची होती, असं मी धरून चाललो होतो.

धाकटा भाऊ निपाणीच्या जुन्या घरात राहतो. तो एका रविवारी आला. आल्या आल्या त्याला भूक लागते. त्याने गॅलरीतल्या कुंडीतली ओव्याची पानं खुडली आणि माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, भजी घाला."

या पानाबद्दल दोन ओळी. आमच्या पुरवणीत एकदा बोरेज नावाच्या परदेशी भाजीवर मजकूर आला होता. तिला निळी फुलं येतात आणि पानाला काकडीची चव असते. आपल्याकडच्या या झाडाला इंग्रजीत इंडियन बोरेज म्हणतात, पण त्या भाजीशी त्याचा संबंध नाही. हे जाड, लवदार, कातरलेल्या कडेचं पान. ओव्याच्या दाण्याचं झाडही हे नव्हे, फक्त वास तसा, आणि तोही पान चुरगळल्यावर दणकून येतो. कुंडी मी आणली होती, पाणी मी घालत होतो.

भाऊ पानं घेऊन स्वयंपाकघराकडे जाता जाता आईपाशी थांबला. त्यातलं एक पान चुरगळून त्याने तिच्या नाकाशी नेलं. "आई, बघ."

आई म्हणाली, "ओवा."

मग तिने त्याचा हात धरला. पान खाली पडलं तरी हात सोडला नाही. त्याची बोटं ती पुन्हा पुन्हा हुंगत राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी बायको पीठ भिजवायचं सोडून बाहेर आली. मी पेपर वाचत होतो. मी तो घडी करून ठेवला, कारण काही तरी करणं भाग होतं.

संध्याकाळपर्यंत बातमी सगळीकडे पोचली. निपाणीच्या मावशीला फोन झाला. समोरच्या कानडी आक्का बघायला आल्या. आई म्हणाली, "माझ्या धाकट्यानं आणला बघा वास परत."

"दोड्डपत्रे?" आक्का म्हणाल्या. "अय्यो, आमी त्येची ताकातली तंबुळी करून नुस्ती खातोय की!"

कुंडी कुणाची, हे कुणी विचारलं नाही. वाट्यांचा विषय निघाला नाही. भाऊ भजी खात होता.

दुसऱ्या दिवशी मी तेच पान चुरगळून आईपुढे धरलं. "येतोय की," ती म्हणाली आणि टीव्हीकडे बघू लागली. कॉफी धरली. न्हाय. लिंबू. न्हाय. मी कुंडी गॅलरीतून उचलून वॉशिंग मशीनच्या मागे ठेवली. तिथे ऊन कमी लागेल, असं बायकोला सांगितलं. पुढच्या रविवारी भाऊ निपाणीहून पिशवी भरून पानं घेऊन आला.

मधल्या काळात मी चौकशी केली होती. त्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी आईने पलंगावरून हाक मारली होती, "दूध उतू गेलं बघ." बायकोला ते आठवत होतं. स्वयंपाकघर पलंगावरून दिसत नाही. म्हणजे वास भाऊ येण्यापूर्वीच परतला होता, माझ्या घरात, माझ्या वाट्यांनंतर. ही माहिती मी जेवताना, भाऊ समोर असताना मांडली.

आईने घास गिळला. "दूध उतू गेलं की चुर्र वाजतंय. कान शाबूत हायत माझं."

"मेली बघ अण्णा तुझी बातमी," भाऊ म्हणाला आणि ताक मागितलं.

मी वाट्या चालू ठेवल्या. लवंगेची जागा वेलदोड्याला दिली. अत्तर आणलं. आई मान हलवत राहिली. आता तिला ओवा तेवढा यायचा, आणि ओवा आला की धाकटा आठवायचा.

मग एकदा उन्हाचा उचगावला जाऊन आलो. काम होतं, स्कूटरवरून जाणं-येणं झालं. घरी येऊन आईच्या शेजारी पलंगावर बसलो आणि एक बूट काढला. आईने झटकन पदर नाकाला लावला.

"मोजे कवा धुतल्यात रं?"

मी तसाच थांबलो. "वास येतोय?"

"येतोय म्हंजे? ऊठ, लांब बस तिकडं."

"कसला वास येतोय, नीट सांग."

"मोज्याचा! दुसरा कसला येणार? अगं सूनबाई, ह्याला आधी न्हाणीत घाल."

ओव्यानंतर तिला आलेला हा पहिला वास. दुसरा बूट पायातच होता, तरी मी भावाला फोन लावला. आईला माझा वास आला, असं सांगितलं.

"मग?" तो म्हणाला. "आमाला तर रोजच येतोय."

"तिनं आपणहून ओळखला. मी काही नाकाशी धरलं नव्हतं."

"बरं. म्हणाली काय?"

"लांब बस म्हणाली."

"मग बस की अण्णा." तो खूप वेळ हसत राहिला.

मी खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसलो आणि तिथूनही येतोय का, हे आईला दोनदा विचारलं.