मुळाशी धरलेला पू

कुरुळीत भाड्याने राहून मी चाकणच्या एका कंपनीत सुटे भाग तपासायचे. वरून धड दिसणाऱ्या वस्तूतली खोट शोधायची, हेच काम. त्यामुळे माणसांकडेही मी तशीच बघत असे.

खालची दाढ ठणकायला लागली तेव्हा नाक्यावरच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरबाई माझ्याहून लहान. त्यांनी दाढेवर हलकेच ठोकलं आणि मी कळवळले. एक्स-रेत मुळाशी काळा डाग दाखवून त्या म्हणाल्या, "दाढेला बारीक तडा आहे. आत जंतू जाऊन मुळाशी पू धरलाय. रूट कॅनाल करू या."

मी आरशात पाहिलं. ना कीड, ना तडा. हा एक्स-रे माझाच कशावरून? "विचार करून सांगते," म्हणून उठले.

घरमालकीण मावशींनी तोंडात वाकून पाहिलं. "दाढ तर धडधाकट हाय. कशाला कोरून घेतीस?"

चार दिवसांत ठणका आपोआप थांबला. माझी खात्रीच पटली. दवाखान्यातून फोन आला, "मॅडम विचारतायत, दुखणं कसं आहे?"

"गिऱ्हाईक सुटलं म्हणून फोन करताय?" म्हणत मी तो कापला.

महिन्याभराने सकाळी उठले तर गाल टम्म सुजलेला, अंगात ताप. मावशींनीच मला रिक्षात घालून त्याच दवाखान्यात नेलं. तरी खुर्चीत बसल्यावर मी म्हटलं, "आधी माझ्यासमोर नवा एक्स-रे काढा."

बाईंनी काढला. जुना शेजारी लावला. काही वर्षांपूर्वी काढलेल्या शेजारच्या दाढेची मोकळी जागा दोन्हींत होती. जुनाही माझाच होता. डाग मात्र मोठा झाला होता.

"मग दुखायचं का थांबलं?"

"आतली नस मेली म्हणून. जंतू थोडेच गेले होते?"

त्यांनी दाढ उघडली. घाण वास सुटला, पू वाहिला आणि गालातला ताण उतरला. मला रडू आलं, ते दुखण्याचं नव्हतं.

"फोनवर मी फार बोलले," मी म्हटलं.

"दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं होतंत. त्याचा मला राग आला नसता," त्या म्हणाल्या. "गप्प बसलात, ते चुकलं."

दोन-तीन खेपांत दाढ वाचली. काही महिन्यांनी काढलेल्या एक्स-रेत डाग बराच भरून आला होता. बाईंनी मला तो दाखवला. हा माझाच कशावरून, असं या वेळी मनातही आलं नाही.