अर्धा फेडलेला नवस

हल्ली मलिद्याच्या, म्हणजे नवस फेडायच्या, प्रार्थनेला रायपूरचे, नागपूरचे आमचे लोक मला बोलावतात. मी पुढं बसून म्हणते आणि पुरुष मुकाट्यानं ‘आमेन’ म्हणतात. बाबाही म्हणतात, सगळ्यांत मोठ्यानं. मला ते ऐकवत नाही.

आम्ही मराठी ज्यू. भिलाईत, कोहक्यात राहतो. इथं सिनेगॉग नाही, प्रार्थना सांगणारा हझान नाही. आई लवकर गेली, भाऊ नाही, म्हणून बाबांनी शुक्रवारची प्रार्थना मलाच शिकवली. हिब्रू शब्द देवनागरीत उतरवून मी वहीच्या वही घोकून काढली.

बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा दवाखान्यात माझा हात धरून ते म्हणाले, ‘‘बरा झालो तर एलियाहू हन्नबीचा मलिदा करीन. अन् प्रार्थना तूच म्हनशील, बेटा.’’ एलियाहू हन्नबी आमचा नवसाला पावणारा प्रेषित. नवस बोलले ते, रडले मी.

ते बरे झाले. मी मलिद्याचे गोड पोहे कालवले, नारळ खवला, सुपेल्याच्या बाजारातून फळं आणली, पांढऱ्या साडीला इस्त्री केली. बाबा धरून नऊ पुरुष जमले. रीतीप्रमाणे प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. दहावी मीच, असं मी खुळी धरून बसले होते. तेवढ्यात दारात ऑटो थांबली आणि रायपूरचे एक लांबचे काका उतरले. बाबांनी त्यांना आठ दिवस आधीच फोन केला होता.

‘‘कावून, बाबा?’’ मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं.

‘‘तुले सारं येते, मले मालूम आहे. पन लोक काय म्हनतील? तू ताट सजव.’’

वर माझी वही मागून नेली. काकांना पाठ काहीच नव्हतं!

पडद्याआड मी फळं कापत होते. काका माझं अक्षर अडखळत वाचत होते. एका ओळीवर ते थांबलेच. बाबांनी पडद्याकडं पाहिलं. ती ओळ माझ्या ओठांवर होती, पण मी दिली नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं मला.

शुक्रवारी बाबांनी नेहमीसारखा प्रार्थनेचा पेला माझ्यापुढं सरकवला. ‘‘म्हन, बेटा.’’

‘‘नवस तुम्ही माझ्यापाशी नव्हतात बोलला, बाबा. ज्याच्यापाशी बोललात, त्याला काय सांगाल?’’

पुढं पाठ येणारं दुसरं कुणी मिळेना म्हणून लोक मलाच बोलावू लागले; मी बऱ्याच घरी मलिद्याची प्रार्थना म्हटली. आमच्या घरी मात्र बाबांनी मलिदा पुन्हा मांडला नाही, आणि मीही मांडू दिला नसता.