प्रेमराज नानांचे साहेब

आमच्या विद्यापीठाचं नाव सांगणार नाही, माझी नोकरी अजून शिल्लक आहे. भडगावपासून जवळ आहे, एवढं पुरे. तिथल्या आस्थापना विभागात प्रेमराज नाना वरिष्ठ लिपिक आहेत, आणि खरं सांगायचं तर विद्यापीठ तेच चालवतात. कुलगुरूंना हे माहीत नाही. त्यांना बरंच काही माहीत नसतं.

कागदी फायली बंद होऊन सगळा कारभार संगणकावर आला, तेव्हा साहेब लोकांसाठी प्रशिक्षण झालं. साहेबांनी जेवणातल्या शेवभाजीचं कौतुक केलं आणि आपापले पासवर्ड चिठ्ठीवर लिहून नानांच्या हातात दिले. "नाना, तुम्हीच बघा हो." ओटीपीची कटकट नको म्हणून मोबाईल नंबरही नानांचाच टाकला. संगणकावर सही उमटवणारी तीन डोंगल नाना जेवणाच्या जुन्या डब्यात ठेवतात. एक कक्ष अधिकाऱ्यांचं, एक सहायक कुलसचिवांचं, एक उपकुलसचिवांचं. ओळखू यावीत म्हणून प्रत्येकाला फायलीची वेगळ्या रंगाची नाडी बांधलेली.

दुसरा कोणी असता तर चार बटणं दाबून मोकळा झाला असता. नाना तसले नाहीत. लिपिक म्हणून 'सादर' लिहायचं, मग कक्ष अधिकारी होऊन त्यात त्रुटी काढायची. उपकुलसचिव झाले की 'चर्चा करावी' असा शेरा मारायचा, उठून चहा पिऊन यायचं आणि पुन्हा लिपिक होऊन लिहायचं, 'चर्चेनुसार फेरसादर'. "साहेबांनी एकदम मान्य केलं, असं कधी पाहिलंय का?" ते मला विचारायचे. मी पाहिलं नव्हतं. अर्जदार खेटे घालून दमले की नाना वर बोट दाखवायचे, "फाईल साहेबांकडे आहे." वर फक्त पाण्याची टाकी आहे.

यंदा नानांवरच अर्ज करायची वेळ आली. त्यांची बायको लताबाई शिरपूरला एकटी राहते. काचबिंदूनं तिची नजर जात चाललीय. श्रावणात भाकरी टाकताना हात तव्यावर टेकला, तळवा भाजला. नाना शनिवारी जाऊन आठवड्याचं निवडून, चिरून, भरून ठेवतात आणि सोमवारी लाल डोळ्यांनी कामावर येतात. शिरपूरच्या उपकेंद्रात एक जागा रिकामी झाली होती आणि दिवाळीपर्यंत ती दुसऱ्या कोणाला मिळणार होती. नानांनी बदलीचा अर्ज टाकला. जन्मात पहिल्यांदा त्रुटी न काढता, चहा न पिता, तिन्ही साहेबांच्या सह्या करून तो मंजूरही केला. मला मनापासून बरं वाटलं.

घात तिथेच झाला. महिनाअखेरीस संगणक आपण होऊन कुलगुरूंना संशयास्पद फायलींची यादी पाठवतो. एकही त्रुटी न निघता मंजूर झालेली फाईल अख्ख्या विद्यापीठात एकच होती. कुलगुरूंनी चौकशी लावली. चौकशी अधिकारी म्हणून परीक्षा विभागाच्या संचालकांना नेमलं. ते स्वतः चालत आले, फाईल न उघडताच पासवर्डची चिठ्ठी नानांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "नाना, तुम्हीच बघा हो. माझ्या डोक्यावर परीक्षा आहेत."

शेजारच्या टेबलावरची शाझिया, आमची कंत्राटी ऑपरेटर, आनंदानं टाळी वाजवायचीच राहिली. "नाना, लिहा ना, दोष आढळला नाही! सुटलात!"

"वेडी आहेस का?" नाना म्हणाले. "एकदा त्रुटी काढली नाही तर ही वेळ आली. आता चौकशीच्या साहेबांनीही काढली नाही, तर काय म्हणतील?"

आणि त्यांनी काढली. 'संबंधित कर्मचाऱ्याचा खुलासा मागवावा, तोवर बदली स्थगित ठेवावी.' मग खुर्ची जरा मागे सरकवून ते कर्मचारी झाले आणि खुलासा लिहिला. खाली वाकून, हात जोडल्यासारखा लिहिलेला तो खुलासा मी वाचला. त्यात भाजलेल्या तळव्याचंही होतं. नाना चहा पिऊन आले, चष्मा पुसला आणि शेरा मारला, 'खुलासा समाधानकारक नाही.'

मला हसू यायला हवं होतं. राग आला. नानांचा आला, आणि कुठे कुठे शेवभाजी खात बसलेल्या त्या चौघांचा जास्त आला.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात लताबाईचा फोन आला. तिला फोनही आता चाचपूनच लावावा लागतो. नानांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर होता. आम्ही सगळे ऐकत होतो.

"बदलीनं काय व्हयनं?"

"फाईल साहेबकडे शे."

"कोनता साहेबकडे?"

नाना चष्मा पुसू लागले.

"त्या साहेबले फोन द्या. मी बोलस. सांगस त्याले, माले आते दिसत नही."

नानांनी टेबलावरच्या डब्याकडे पाहिलं. मग समोरच्या संगणकाकडे. त्याच्या काळ्या पडद्यात त्यांचाच चेहरा दिसत होता.

"साहेब जागावर नही शेतस," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.