नर्सिंगचा फॉर्म आणि माझ्या पोटातला गोळा

मंगळवारी माझी सुट्टी होती आणि मी पोरीला घेऊन आमच्याच हॉस्पिटलमध्ये गेले. सुट्टीच्या दिवशी हौसेनं कामाच्या जागी जाणारी अख्ख्या नागपुरात मी एकटीच असेन...

सई बारावीला आहे. नीटचा फॉर्म भरून झालाय. पण तिला नर्सिंगच्या सीईटीचाही फॉर्म भरायचा होता, त्याची शेवटची तारीख शुक्रवार, आणि मी काही केल्या हो म्हणत नव्हते. मी, जी स्वतः तेवीस वर्षं नर्स आहे!

कारणं मी ढीगभर देत होते. अभ्यास विस्कटेल, दोन दगडांवर पाय नको, आधी नीट तर होऊ दे... खरं कारण वेगळंच होतं. चुटकी वाजवून "ए सिस्टर" म्हणणारे नातेवाईक मी पाहिलेत. सईच्या पाचव्या वाढदिवसाला मी नाइट ड्युटीवर होते. हे सगळं तिच्या वाट्याला यावं, या विचारानंच पोटात गोळा यायचा.

महिनाभर नुसतं टेन्शन. वॉर्डात माझ्या हातून कधी चूक होत नाही, पण घरी मी वरणात दोनदा मीठ टाकलं. सासूबाई म्हणाल्या, "समुद्राचं पाणी आणलं का वं सूनबाई?"

म्हणून म्हटलं, चार लोकांचं ऐकून तरी हिचं मन वळेल. आधी आमच्या डॉक्टर मॅडमकडे नेलं. त्या म्हणाल्या, यात अर्धं आयुष्य जातं बेटा, फिजिओथेरपी बघ. फिजिओवाली म्हणाली, फार्मसी कर, निवांत असतं. मेडिकल स्टोअरच्या दादांनी सुजलेले पाय दाखवले आणि लॅबकडे बोट केलं. लॅबवाल्याने हात जोडले आणि म्हणाला, डॉक्टरच हो!

झालं... फिरून फिरून भोपळे चौकात.

कोराडीला घरी परत येताना बसमध्ये सई म्हणाली, "आई, सगळ्यायनं आपलं काम सोडून दुसऱ्याचं सांगितलं. तू पण तेच करून राहिली."

 मला राग आला. खरं सांगायचं तर तिचा नाही, स्वतःचाच.

बुधवार असाच गेला. गुरुवारी माझी सकाळची ड्युटी जरा लांबली. ड्युटीवर आमचे फोन लॉकरमध्ये असतात. संध्याकाळी बसमध्ये बसले, फोन काढला... सईचे सहा मिस्ड कॉल.

लगेच लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, नाही. सासूबाईंना शुगर आहे, सईचे बाबा पॉवर स्टेशनला शिफ्टमध्ये, घरी दोघीच. काय काय मनात आलं ते लिहवत नाही. रोजचा तोच रस्ता, पण त्या दिवशी प्रत्येक सिग्नलला मला रडू येत होतं. "चला ना दादा," असं मी ड्रायव्हरला दोनदा ओरडले, सगळी बस वळून बघायला लागली.

धावतच जिना चढले. सईनं दार उघडलं आणि मी चप्पल काढायच्या आत बोलायला लागली.

"चार वाजता आजीले घाम आला, हात थरथरत होते. सकाळची गोळी घेतली होती, पण शेजारी पापड लाटायले गेली अन् जेवलीच नाही. मशीनवर शुगर अठ्ठावन्न आली. साखरेचं पाणी दिलं. पंधरा मिनिटांनी परत पाहिली, शहाण्णव. मग पोळी-भाजी दिली. आता बरी आहे. रात्रीची गोळी द्यायची का, ते डॉक्टरले विचारायचं बाकी आहे."

मी तिथंच उभी राहून विचारलं, "उलटी? चक्कर?" ती म्हणाली, "उलटी नाही. चक्कर होती, आता नाही. पोळी-भाजी आणताना फोन स्वयंपाकघरात राहिला, मग मी आजीजवळून उठलीच नाही."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "मले काही झालं नव्हतं, या पोरीनं खालीपिली गिलासभर साखर पाजली!" तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. आणि मग लक्षात आलं, आत्ता दारात काय झालं ते.

ड्युटी बदलताना जाणारी नर्स येणारीला प्रत्येक पेशंटची माहिती देते. काय झालं, किती वाजता, काय दिलं, काय उरलंय. आम्ही त्याला ओव्हर देणं म्हणतो. नवीन मुलींना ते शिकवताना माझा घसा बसतो. ही कधी शिकली? कुणी शिकवलं? मी तर हिला या कामाच्या वाऱ्यालाही उभी करत नव्हते... आणि मी तिच्याकडून ओव्हर घेतलाही, माझ्या जोडीदारणीकडून घेतल्यासारखा.

डॉक्टरांना फोन केला, गोळीचं विचारून घेतलं. मग चहा ठेवला आणि तिला म्हटलं, "उघड तो फॉर्म."

भीती गेलेली नाही हां. नीट आहे, सीईटी आहे, निकाल आहेत. ती कुठं लागेल, काय होईल, कुणाचं काय ऐकून घ्यावं लागेल... गोळा आहे तिथंच आहे.

फॉर्म भरताना आईच्या व्यवसायाचा रकाना आला. शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर मी तिथं मुद्दाम 'नोकरी' एवढंच लिहीत आले. कसली, ते कधी लिहिलं नाही. सईनं मला विचारलंसुद्धा नाही. 'स्टाफ नर्स' असं टाइप केलं आणि पुढच्या रकान्याकडे गेली.

थँक्यू वं पोरी.