वाहत्या पाण्याची रीत

नांदेडला गोदावरीच्या जुन्या घाटावर धंद्याधंद्याची पंचघरं, म्हणजे त्या त्या धंद्याच्या पंचांच्या बैठकीची घरं, ओळीनं उभी होती. रंगाऱ्यांचं, तेल्यांचं आणि शेवटी आम्हा विणकरांचं. पूर्वी नावांतून माल उतरायचा, तेव्हा परगावचा विणकर आमच्या पंचघराच्या माडीवर मुक्काम करायचा म्हणे. मी कॉलेजात जाईपर्यंत नावा गेल्या, माग मोडीत निघाले आणि माडीवर कबुतरं राहिली.

लातूर नवा जिल्हा झाला आणि कचेरीत कारकून असलेल्या आमच्या अण्णांची तिकडं बदली झाली. माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष बाकी. हॉस्टेलात जागा नाही. अण्णा म्हणाले, "राहायची सोय झाली तर शीक. न्हाई तर चल आमच्यासंगं, तिथं स्थळ बघू."

मला ती माडी हवी होती. बस्स, एवढंच!

पण माडी द्यायची तर पंच बसायला हवेत. आणि पंच बसायचे तर आधी नदीचं पाणी तांब्यात आणून उंबऱ्यावर शिंपडायचं, ही रीत. त्या साली दुष्काळानं नदी आटलेली, घाटाखाली नुसती वाळू.

मग मी खुरपं घेऊन वाळूत झिरा खणला. पाझरलेलं तांब्याभर पाणी नेऊन म्होरक्या पंचांपुढं ठेवलं. ते माझे चुलत आजोबाच. त्यांनी वाकून पाहिलं.

"नदीचंच हाय पोरी, पण वाहतं न्हाई. पंच वाहत्या पाण्यानंच बसतेत."

"अहो आजोबा, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"थांब की जरा. येईल पाऊस."

थांब! परीक्षा थांबणार होती का? माझ्या डोक्यात तिडीक गेली. बरं, माणूस वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी मला भाजलेल्या शेंगा खाऊ घातल्या. बाकीच्या पंचांचंही तेच. कुणी नको म्हणेना आणि कुणी बसेना.

आम्ही लातूरला गेलो.

पुढल्या पावसाळ्यानंतर, माझ्या हळदीच्या दिवशी, आजोबा एसटीनं आले. आल्या आल्या मांडवात सगळ्यांसमोर म्हणाले, "नदी वाहिली, पंच बसले. माडी तुला दिली बघ. एकानंबी न्हाई म्हटलं न्हाई!"

मला ढसाढसा रडू आलं.

आजोबा आईला म्हणाले, "सासरी जायचं म्हटल्यावर रडतेतच पोरी."