वेचणीवाले काका

“छापून कुठी आलं?” असं विचारायच्या आधी ते चष्मा कपाळावर सरकवत. चष्मा वर गेला की समजायचं, आता आपलं काही खरं नाही. तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं सांगा, तुमच्या घरात घडलेलं सांगा. काकांच्या लेखी छापून येईपर्यंत ते घडलेलंच नसायचं.

बसस्टँडसमोर त्यांचं झेरॉक्सचं दुकान होतं. तिथल्याच कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवरून ते ‘वेचणी’ चालवायचे. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. वेचणी म्हणजे इंटरनेटवरचं एक पान, पुढे त्याचं अ‍ॅपही झालं. यवतमाळ जिल्ह्यात येणाऱ्या सगळ्या पेपरांतल्या आमच्या तालुक्यापुरत्या बातम्या काका रोज सकाळी वेचायचे आणि एकाखाली एक लावायचे. मथळा, दोन ओळी, खाली ‘सौजन्य’ म्हणून पेपरचं नाव, आणि पूर्ण बातमी वाचायची तर त्या पेपरवर नेणारी लिंक. स्वतःचा शब्द एकही नाही. कापसाचा भाव, लाइट जायच्या वेळा, परीक्षेच्या तारखा, कोण वारलं, कोणाच्या बैलजोडीला बक्षीस मिळालं, सगळं एका जागी. दुसऱ्यांच्या वावरातला कापूस वेचून तुम्ही मोठे झाले, असं मी एकदा त्यांना डिवचलं. ते शांतपणे म्हणाले, “वेचतो, पण कोणाचं वावर थे सांगून वेचतो.”

मी पत्रकं काढणारा माणूस. आमची चार-पाच जणांची संघटना, आणि तिचा सगळा राग काकांच्या मशीनमधून बाहेर यायचा. कागद निघता निघता ते वाचायचे आणि मान हलवायचे. “निषेध लय झाला बावा. बातमी कुठी हाये यात?” मी चिडायचो. दवाखान्यात डॉक्टर नाही हीच बातमी आहे, टाका वेचणीवर, म्हणायचो. चष्मा कपाळावर. माझी पत्रकं गठ्ठ्यांनी काढून देणारा माणूस मलाच विचारायचा, छापून कुठी आलं.

या हट्टाचा कळस ऐका. एकदा एका पेपरात श्रद्धांजलीच्या जाहिरातीत फोटोंची अदलाबदल झाली, आणि आमच्या चौकातले हार्डवेअरवाले शेटजी चांगले धडधाकट असताना स्वर्गवासी झाले. काकांनी ती जाहिरात वेचणीवर लावली. थोड्या वेळाने शेटजी स्वतः दुकानाच्या पायरीवर हजर. आम्हाला वाटलं, आता तरी हा माणूस ती काढेल. काकांनी शेटजींना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि समजूत घातली. “तुमी जिते हा, मले दिसून राह्यलं. पण पेपरात नाई ना आलं. उद्या खुलासा येईन, थो साऱ्यात वर लावतो. आजचा दिवस काढा.” शेटजींनी चहा पिऊन उरलेला दिवस मेल्यासारखाच काढला. दुसऱ्या दिवशी खुलासा आला, काकांनी शब्दाप्रमाणे तो सगळ्यात वर लावला, आणि सोयऱ्याधायऱ्यांना वाटायला त्याच्या झेरॉक्स काढायला शेटजीच परत आले.

आम्ही हसायचो. पण लोकांचा वेचणीवर विश्वास होता तो याच हट्टापायी. मोबाइलवर काहीही येवो, वेचणीवर आलं का, हे लोक आधी बघायचे. आणि हाच विश्वास एकदा एका पोरीच्या अंगाशी आला.

तालुक्याच्या टोकाला एक बंजारा तांडा आहे. तिथे जाणारी संध्याकाळची बस आगाराने बंद केली. प्रवासी कमी, रस्ता खराब, नेहमीची रेकॉर्ड. प्रवासी कमी म्हणजे कोण, तर कॉलेजला येणाऱ्या पोरी. त्यांची मोजणी प्रवाशांत कशाला होईल? त्यातली निकिता बारावी सायन्सला होती. तिच्या वडिलांनी साफ सांगितलं होतं, बस असेल तर कॉलेज, नसेल तर घरी. अंधारात पोरीनं पायी यायचं नाही. आम्ही आगाराच्या फाटकात ठाण मांडलं. साहेब बाहेर आले, उद्यापासून बस सुरू म्हणाले, फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत मथळे: तांड्याची बस पूर्ववत. काकांनी ते एकाखाली एक लावले.

वेचणीवर ती बातमी पाहूनच वडिलांनी निकिताला कॉलेजला पाठवलं. प्रॅक्टिकल उशिरापर्यंत चाललं. पोरी स्टँडवर येऊन बसल्या, आणि बस आली नाही. शेवटी वडील कोणाची तरी मोटरसायकल मागून तिला न्यायला आले. ते ओरडले नाहीत. हा आठवडा पाहतो, मग दाखला काढून घेतो, इतकंच माझ्याजवळ बोलले. याडीनं म्हणजे तिच्या आईनं तर घरी कापसाची कामं काढूनच ठेवली होती.

मी तावातावात दुकानात शिरलो. काकांनी ऐकून घेतलं आणि चष्मा वर सरकवला.

“छापून तं आलं. साऱ्याइनंच देलं.”

“पेपर येऊन राह्यला काका, बस नाही येऊन राह्यली. स्टँड समोर हाये, बसून पाहा.”

दुसऱ्या दिवशी काकांनी ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी शटर खाली ओढलं. असं कोणी कधी पाहिलं नव्हतं. ते पोरींच्या बाजूला बाकड्यावर बसले. मी घोषणा द्यायला उभा राहिलो तर हाताने मला खाली बसवलं. ते एकदा रस्त्याकडे बघत, एकदा मोबाइलकडे. मोबाइलवर त्यांनीच वेचलेले मथळे सांगत होते की बस सुरू आहे. रस्त्यावर बकऱ्या होत्या. उजेड गेला. निकिता कधीची त्यांच्याकडे पाहत होती. अगदी भाबडं तोंड करून तिनं विचारलं, “काका, तुमच्या मोबाइलमधी आली काय बस?”

बाकीच्या पोरींनी ओढण्या तोंडात कोंबल्या. काकांचा चष्मा कपाळावर गेला नाही. त्यांनी तो काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला आणि दुकानाकडे चालू लागले. मी मागोमाग.

दोन बोटांनी त्यांनी टाइप केलं: तांड्याची संध्याकाळची बस आज आली नाही. काल पण आली नव्हती. मी स्टँडवर बसून होतो. मग ‘सौजन्य’पाशी बोटं थांबली. मी तत्परतेने आमच्या संघटनेचं नाव सुचवलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पंख्याकडे पाहू लागलो. शेवटी तिथे त्यांनी स्वतःचं नाव घातलं. “हे टाकलं तं वेचणी राह्यत नाई बावा,” असं हळूच म्हणाले आणि बटण दाबलं. मला वाटलं, म्हातारा उगाच नाटक करून राहिला.

घरबसल्या बस सुरू करणारे वार्ताहर मग जागे झाले. ‘घोषणेनंतरही विद्यार्थिनी ताटकळल्या’ असे मथळे आले. काकांचं नाव कुठेही नाही. आणि काकांनी काय करावं? त्यांच्याकडूनच उचललेल्या बातम्या त्यांनी इमानदारीत परत वेचल्या आणि प्रत्येकीखाली त्या त्या पेपरचं सौजन्य मानलं. मी डोकं धरलं. “छापलं तं त्याईनंच ना,” ते म्हणाले. त्याच आठवड्यात बस खरोखर सुरू झाली. दाखला कॉलेजातच राहिला.

पण म्हातारा नाटक करत नव्हता. थोड्याच दिवसांत एका पेपरच्या ऑफिसातून निरोप आला. आमच्या बातम्या पसरवत होता तोवर ठीक, आता स्वतःच्याही देणार असाल तर आमच्या वापरू नका. त्याच्या मागे बाकीचेही. फुकटात वाटप करणारा चालतो, बस आली नाही म्हणणारा चालत नाही. मी रातोरात गळचेपीवर पत्रक लिहिलं. काकांनी त्याची झेरॉक्स काढायला नकार दिला. त्या मशीननं मला नाही म्हटलेलं ते पहिलंच पत्रक. “त्याईचं वावर, त्याईनं नाई म्हटलं. खतम.”

मग स्वतःच लिहा, मी म्हटलं. एकदा लिहिलं, किती नेमकं लिहिलं. त्यावर ते बराच वेळ कॉम्प्युटरचा पडदा पुसत राहिले. “लिहाचं म्हणजे जाऊन बसा लागते. एका बसीसाठी बसलो. साऱ्या तालुक्यासाठी कसा बसू?”

वेचणी बंद झाली. आज ते पान उघडायला जा, कोरं येतं. काका मुलीकडे वर्ध्याला गेले, दुकानात आता मोबाइलची कव्हरं लटकतात. तालुक्यात कोण मेलं आणि कोण जिवंत आहे हे हल्ली फॉरवर्ड ठरवतात, आणि खुलासा कोणीच काढत नाही.

काकांचा फोन मात्र येतो, दिवस मावळता मावळता. नमस्कार नाही, तब्येतपाणी नाही, थेट, “आली काय?” मी स्टँडवरच असतो बहुतेक. आली, म्हणतो. बरं, म्हणतात.

परवा मी मोर्च्यासाठी यवतमाळात होतो. फोन आला. आली असन, मी म्हटलं.

“असन कायले म्हणतं? पाह्यलं काय तू?”

नव्हतं पाहिलं. मी निकिताला फोन लावला. ती आता बीएस्सीला आहे. मागे इंजिनाचा खडखडाट, कंडक्टरची बेल, पोरींचा कालवा. “बसमधीच हाव दादा, जागा नाई भेटली, उभी हाव,” ती ओरडून म्हणाली. मी काकांना उलट फोन करून सगळं जसंच्या तसं सांगितलं. बस आली, निकिता आत आहे, उभी आहे, गर्दी फार आहे.

आता बरं म्हणतील म्हणून मी फोन ठेवायला गेलो.

“उभी काहून?” काका म्हणाले. “मंग दुसरी बस मागा आता.”